गोल क्वचित होणाऱ्या खेळांत अमेरिकेतल्या धीराच्या प्रेक्षकाला काय मिळते?

प्रश्न: शहापूरकर, बेळगाव

सर्वांना नमस्कार. माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो. येथे असताना तो टिळकवाडीच्या लेले मैदानावर क्रिकेट खेळत मोठा झाला; पण तिकडे गेल्यापासून त्याला दोन वेगळ्याच खेळांचे वेड लागले आहे. एक फुटबॉल, ज्याला तिकडे सॉकर म्हणतात, आणि दुसरी बर्फावरची हॉकी. त्या शहरात दोन्हींचे व्यावसायिक संघ आहेत, कोलंबस क्रू आणि कोलंबस ब्लू जॅकेट्स. तिकडचा संध्याकाळी साडेसातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे पाच वाजता सुरू होतो, आणि पुतण्याच्या आग्रहाखातर मी असे काही सामने उठून पाहिले आहेत.

माझी अडचण अशी आहे. अमेरिकन प्रेक्षकाविषयी आपण सर्वांनी ऐकलेले असते की त्याला फलकावरचा आकडा सतत हलता लागतो. बास्केटबॉलमध्ये एकेक संघ शंभराच्या वर गुण करतो, त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये तिशी-चाळिशीचे निकाल लागतात. मग त्याच देशात हजारो माणसे थंडीवाऱ्यात बसून १-० असा, किंवा चक्क गोलशून्य बरोबरीत सुटलेला सामना पाहतात आणि समाधानाने घरी जातात, ते कसे? पुतण्या म्हणतो, "काका, गोल झाला नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे नसते." त्याचे सहकारी जन्माने आणि वाढीने अमेरिकन आहेत, तेही हेच सांगतात. मला हे पुरते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

धीर धरणाऱ्याला या खेळांत असे काय मिळते, जे भरपूर गुणांच्या खेळांत मिळत नाही? आणि अमेरिकन प्रेक्षक हे नव्याने शिकला, की त्याच्या अंगी ते आधीपासूनच होते? ज्यांनी हे खेळ खेळले किंवा शिकवले आहेत, अथवा तिकडे राहून पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर

शहापूरकर यांस सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाला 'आवड ज्याची त्याची' असे म्हणून वाटेला लावता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी फलकावरच्या आकड्यांविषयी. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे, सहा गुण मिळतात आणि त्यानंतरच्या किकचा बहुधा सातवा. म्हणजे २१-१४ असा भरगच्च दिसणारा निकाल खरे तर तीन विरुद्ध दोन असाच असतो, आणि तो लागायला जाहिरातींसकट तीन तास जातात. विश्वचषकाच्या फुटबॉल सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी अडीच ते पावणेतीन गोल होतात, पंचेचाळीस मिनिटांच्या एकेका सत्रात जाहिरातींसाठी खेळ वारंवार थांबत नाही आणि दोन तासांत माणूस मोकळा होतो. तेव्हा अमेरिकन माणसाला कमी गुणांचे वावडे आहे ही समजूत बरीचशी गुण मोजण्याच्या पद्धतीतून आली आहे, असे माझे मत आहे.

बास्केटबॉलची गोष्ट मात्र खरोखरच निराळी आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले, कारण चेंडू ताब्यात ठेवून उभे राहण्यास त्या वेळी कसलीच आडकाठी नव्हती. अशा सामन्यांना प्रेक्षक कंटाळले आणि १९५४ मध्ये चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम आला. तो त्या खेळाला मानवला. परंतु त्याची किंमत अशी की शंभर गुणांच्या सामन्यात दुसऱ्या सत्रातली एखादी बास्केट कोणाच्या लक्षात राहत नाही. फुटबॉलचा एक गोल सामन्याचा आणि कधी कधी साऱ्या हंगामाचा निकाल लावतो, आणि म्हणूनच ज्यातून तो होऊ शकला असता अशा प्रत्येक हालचालीला वजन येते.

बेळगावच्या माणसाला हे आनंदवाडीच्या आखाड्यावरून चटकन उमगेल. निकाली कुस्तीत गुण नसतात, पाठ मातीला लागेपर्यंत लढत चालते. सुरुवातीची खडाखडी पाहून नवखा माणूस विचारतो, "हे नुसते हात झटकतायत, कुस्ती कधी सुरू होणार?" त्याच्या शेजारी बसलेला जुना वस्ताद मात्र कोणाचा दम आधी उखडतो आहे, कोण पट काढायला वाकतो आहे आणि कोण मान देऊन ढाकेची वाट पाहतो आहे, हे वाचत असतो. पंधराव्या मिनिटाला घिस्सा बसतो तेव्हा तो आधीच्या चौदा मिनिटांत कसा तयार झाला, हे त्या वस्तादाने पाहिलेले असते. टाळी दोघेही वाजवतात, पण पदरात पडते ते दोघांच्या सारखे नसते.

फुटबॉलमध्ये हेच पुढीलप्रमाणे दिसते. समजा, उजव्या बगलेचा बचावपटू चेंडू घेऊन पुढे सरसावला. फलक जागचा हलला नाही, पण त्याच्या पाठीमागे मोठी जागा मोकळी पडली. मधल्या फळीतला कोणी ती झाकायला सरकला का, प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीपटूने ती हेरली का, आणि आता चेंडू हिसकावला गेला तर पास तिथवर किती क्षणांत पोहोचेल, हे प्रश्न जाणत्या प्रेक्षकाच्या मनात एकदमच उभे राहतात. बहुतेक वेळा त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. सामना उताराला लागतो, पाय जड होतात आणि इतका वेळ झाकली जाणारी ती जागा एकदा उघडी राहते. ज्याने ती आधी झाकली जाताना पाहिली, त्याला गोल अचानक झाल्यासारखा वाटत नाही. आपण त्याच्या वाटेवर उभे होतो, असे त्याला वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. अमेरिकेच्या आयोजकांनी प्रारंभी आपल्या प्रेक्षकावर फारसा विश्वास ठेवला नाही. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला, त्याच्या बावन्न सामन्यांना सुमारे छत्तीस लाख लोक आले आणि पासाडेना येथील अंतिम सामना ९४,१९४ प्रेक्षकांसमोर ब्राझील आणि इटली गोलशून्य बरोबरीत राहून पेनल्टींवर संपला. एवढे होऊनही १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू करताना बरोबरीच रद्द करण्यात आली. सामना बरोबरीत सुटला की खेळाडूने पस्तीस यार्डांवरून चेंडू घेऊन धावायचे आणि पाच सेकंदांत एकट्या गोलरक्षकाला चकवायचे, अशी शूटआउटची पद्धत ठेवली. घड्याळही उलटे, शून्याकडे धावणारे. ६ एप्रिल १९९६ रोजी सॅन होजे येथे लीगचा पहिलाच सामना गोलशून्य शूटआउटकडे चालला होता. ८८व्या मिनिटाला एरिक वायनाल्डाने गोल केला म्हणून तो १-० असा सुटला. ही पद्धत १९९९ च्या हंगामानंतर मोडीत काढली गेली आणि घड्याळही जगासारखे सुलटे धावू लागले. बरोबरी परत आल्याने प्रेक्षक पळाला नाही. दहा संघांची ती लीग २०२५ मध्ये तीस संघांची झाली. केवळ या एका बदलामुळे ती वाढली असे मी म्हणणार नाही, पण अमेरिकन माणसाला बरोबरी पचत नाही हा समज त्याने नक्कीच खोटा ठरला.

उत्तर: निपाणीचा फुटबॉलप्रेमी

गुरुजींनी लिहिलेले सर्व मान्य आहे. त्यांत एका गोष्टीची भर घालतो, जी मला सर्वांत मोठी वाटते: ज्या खेळात गोल थोडे, त्यात दुबळ्याला शेवटपर्यंत आशा असते.

आम्ही निपाणीकर फुटबॉलसाठी कोल्हापूरकडे पाहतो. पाटाकडील आणि दिलबहार शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की संघ कागदावर कितीही विजोड असोत, एका गोलाने मागे असलेल्या संघाचा पाठीराखा पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत पायरी सोडत नाही. बास्केटबॉलमध्ये पंचवीस गुणांनी मागे पडलेल्याचे शेवटचे सत्र बहुधा औपचारिकता असते, कारण शंभर संधींमध्ये वरचढ संघाचे वरचढपण उतरल्याशिवाय राहत नाही. फुटबॉलमध्ये मोजक्याच संधी येतात आणि मोजक्या संधींमध्ये नशीब, वारा, गोलखांब आणि एखाद्या गोलरक्षकाचा चांगला दिवस या सर्वांना बोलायला जागा मिळते. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघाने जो गेटजेन्सच्या एकमेव गोलावर इंग्लंडला हरवले, ते दहा-दहा गोल होणाऱ्या खेळात शक्य झाले नसते.

अमेरिकन प्रेक्षकाला त्याच्या धीराचे फळ मिळाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र २३ जून २०१० चे आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे अमेरिका विरुद्ध अल्जीरिया, गटातला शेवटचा सामना. आधीचे दोन्ही सामने बरोबरीत सुटलेले आणि त्याच वेळी गटातल्या दुसऱ्या सामन्यात इंग्लंड स्लोव्हेनियाच्या पुढे, त्यामुळे जिंकले तरच पुढची फेरी, आणि नुसती बरोबरी म्हणजे घरी. सहाव्या मिनिटाला अल्जीरियाचा फटका आडव्या खांबावर आपटला. विसाव्या मिनिटाला क्लिंट डेम्प्सीने चेंडू जाळ्यात घातला, पण पंचांनी ऑफसाइड दिला. मध्यंतरानंतर डेम्प्सीचाच फटका खांबाला लागून परत आला आणि परतलेल्या चेंडूवरही तो चुकला. नव्वद मिनिटे संपली, फलक कोराच. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची मिनिटे चालू असताना अल्जीरियाने हेडर मारला तो टिम हॉवर्डने पकडला, आणि पकडताच क्षणाचाही विलंब न लावता हाताने लांब फेकून लँडन डोनोवनला दिला. डोनोवन मोकळ्या मैदानात धावत सुटला, त्याने उजवीकडे आल्टिडोरला पास दिला, आल्टिडोरने चेंडू गोलासमोर आणला, डेम्प्सीचा फटका गोलरक्षकाने अडवला आणि सुटलेला चेंडू मागून धावत आलेल्या डोनोवनने जाळ्यात ढकलला. हॉवर्डच्या हातातून जाळ्यापर्यंत जेमतेम दहा-बारा सेकंद. बाद होण्याच्या उंबरठ्यावरचा संघ गटात पहिला आला.

शहापूरकर, त्या दिवशी दूरचित्रवाणीवर शेवटची पाच मिनिटे लावून बसलेल्यालाही आनंद झालाच असेल. पण ज्याने तो आडवा खांब, तो नाकारलेला गोल आणि ती परत आलेली संधी पहिल्यापासून सोसली, त्याचा आनंद निराळ्या जातीचा होता.

उत्तर: बेळगाव–मिनेसोटा

मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मिनेसोटात होतो आणि आता कॅम्पात स्थायिक आहे. आतापर्यंतची सर्व चर्चा फुटबॉलवर झाली, म्हणून बर्फावरच्या हॉकीविषयी लिहितो. अमेरिकेत नुसते हॉकी म्हटले की हीच.

यात गोल फुटबॉलपेक्षा अधिक होतात. नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण सहा. पण खेळाचा वेग पाहता तेही थोडेच, कारण गोलावर येणाऱ्या दहा फटक्यांपैकी नऊच्या आसपास गोलरक्षक अडवतो. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या टाकून बदलले जातात. नवख्याला सारा गोंधळ वाटतो. मला हा खेळ कळला तो एका विशिष्ट परिस्थितीवरून, आणि शहापूरकरांनीही तेथूनच सुरुवात करावी.

एखाद्या खेळाडूने आगळीक केली की त्याला दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि त्याचा संघ गोलरक्षक सोडून पाचाऐवजी चार खेळाडूंनी लढतो. समोरच्याला मिळालेल्या या सवलतीला पॉवर प्ले म्हणतात, आणि तो सरासरी पाचांत एकदाच यशस्वी होतो. उरलेल्या चार वेळा काय घडते ते पाहण्यासारखे असते. चौघे बचावपटू गोलासमोर चौकोन धरतात, पासच्या वाटेत स्टिक आडवी घालतात, आणि समोरच्याने फटक्यासाठी स्टिक उचलली की त्यांच्यातला एक जण गुडघ्यांवर घसरत त्या फटक्यासमोर अंग टाकतो. या खेळात चेंडूऐवजी चकती असते, ती गोठवलेल्या रबराची आणि जोरदार फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येतो. तो अडवून चकती हाती लागली की ते ती थेट पलीकडच्या टोकाला भिरकावतात. एरवी नियमात न बसणारी ही गोष्ट कमी माणसांनी खेळणाऱ्या संघाला मुभा म्हणून दिलेली आहे. प्रत्येक वेळी प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. दोन मिनिटे संपून बाहेर बसलेला खेळाडू परत आत झेपावतो तेव्हा हजारो माणसे उभी राहून दाद देतात, आणि फलकावर एक आकडाही बदललेला नसतो.

साखळी सामन्यांत या लीगनेही २००५-०६ पासून बरोबरी बंद करून शूटआउट आणला, हे खरे. पण स्टॅनली कप या लीगच्या करंडकासाठीच्या बाद फेरीत तो लागू नाही. तेथे गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांची सत्रे चालू राहतात. मार्च १९३६ मध्ये माँट्रियल येथे डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांचा सामना सहाव्या जादा सत्रापर्यंत गोलशून्य चालला आणि मड ब्रूनटोच्या एका गोलाने १-० असा संपला. या लीगमधला आजवरचा सर्वांत लांबलेला सामना तोच. आपल्या पुतण्याच्या ब्लू जॅकेट्सनीही ऑगस्ट २०२० मध्ये टँपा बेविरुद्ध पाच जादा सत्रे झुंज दिली. ते ३-२ असे हरले, पण त्यांचा गोलरक्षक योनास कोर्पिसालो याने त्या एका सामन्यात ८५ फटके अडवले आणि तो विक्रम ठरला. लीगला गोल वाढवायचे असते तर बाद फेरीतही शूटआउट आणणे अगदी सोपे होते. ज्या सामन्यांची प्रेक्षकाला सर्वाधिक आस्था असते, तेथेच तिने त्याच्या धीरावर भिस्त ठेवली.

अमेरिकन माणसाच्या अंगी हे आधीपासून होते का, याचे माझे उत्तर होय असे आहे. त्याचा जुना खेळ बेसबॉल. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा, निर्णायक सामना मिनियापोलिसला झाला. नऊ डाव दोन्ही संघांची एकही धाव नाही, आणि जॅक मॉरिस या एकट्या पिचरने दहाही डाव चेंडू टाकत अटलांटाला शून्यावर रोखले. दहाव्या डावात मिनेसोटा १-० असे जिंकले. मिनेसोटातली जुनी माणसे आजही त्या सामन्याविषयी बोलतात ते त्या एका धावेपेक्षा मॉरिसविषयी अधिक.

उत्तर: चिकोडीहून

सर्वांचे लेखन आवडले, तरी एक आक्षेप नोंदवतो. आपण धीराचे कौतुक करता करता कंटाळवाण्या खेळालाही पांघरूण घालत नाही ना?

१९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात बावन्न सामन्यांत ११५ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे जेमतेम २.२१. कारण गोल दुर्मीळ होते हे नव्हे, तर एका गोलाची आघाडी मिळाली की बचावपटू चेंडू गोलरक्षकाकडे परत देत आणि तो हातात धरून वेळ काढत बसे. यात प्रेक्षकाने कसला धीर धरायचा? म्हणूनच १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलण्यास बंदी आली, आणि १९९४ च्या विश्वचषकात विजयाचे दोनाऐवजी तीन गुण झाले. त्या स्पर्धेत तितक्याच सामन्यांत १४१ गोल झाले. बर्फावरच्या हॉकीतही न्यू जर्सी डेव्हिल्सने मधल्या पट्ट्यात सापळा लावून प्रतिस्पर्ध्याची चालच अडवण्याची पद्धत रुळवली आणि १९९५ मध्ये स्टॅनली कप जिंकला. त्या पद्धतीची लागण वाढल्यावर २००५ मध्ये लांब पासवरचे बंधन उठवून खेळ मोकळा करावा लागला.

तेव्हा नियम बदलले म्हणून प्रेक्षकावर अविश्वास दाखवला, असे सरसकट म्हणता येणार नाही. आणि दुसरे, २०१६ च्या मेजर लीग सॉकरच्या अंतिम सामन्यात सिॲटल संघाने १२० मिनिटांत गोलाच्या दिशेने एकही अचूक फटका मारला नाही आणि पेनल्टींवर करंडक उचलला. त्या प्रेक्षकाला काय मिळाले, हे गुरुजींनी सांगावे.

पुन्हा शहापूरकर

सर्वांचा ऋणी आहे. चिकोडीकरांचा आक्षेप माझ्याही मनात होता. पुतण्याला हे सर्व वाचून दाखवले तेव्हा त्याने आणखी एक माहिती दिली: कोलंबसच्या मैदानावर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अमेरिकेने मेक्सिकोला २००१, २००५, २००९ आणि २०१३ अशा चारही वेळा बरोबर २-० असेच हरवले, आणि 'दोन-शून्य' हा तेथल्या प्रेक्षकांचा घोषच झाला. एवढा लहान आकडा लोक अभिमानाने मिरवतात, याचे मला नवल वाटले. गुरुजी, माझ्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्याने पाहायला सुरुवात कोठून करावी, तेही कृपया सांगा.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर

चिकोडीकरांनी दाखवलेला फरक महत्त्वाचा आहे आणि तो मी स्वीकारतो. १९९२ चा नियम चेंडूला पुन्हा मैदानात आणतो. पस्तीस यार्डांचा शूटआउट मैदानातला खेळ बाजूला सारून निकाल वेगळ्याच कसरतीवर सोपवतो. पहिल्याने खेळातला रिकामा वेळ गेला, दुसऱ्याने खेळच गेला. बेसबॉलनेही २०२३ मध्ये चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले ते वेळ वाया जाऊ नये म्हणून. लढत चालू असताना धीर धरायचा असतो, लढत थांबवून ठेवणाऱ्याला तो देण्याचे कारण नाही.

२०१६ च्या त्या सामन्याविषयी. टोरंटोची डिसेंबरमधली कडाक्याची थंडी, जादा वेळेचे १०८वे मिनिट. टोरंटोच्या आल्टिडोरने हेडर मारला तो जोराचा नव्हता. चेंडू कमान घेत दूरच्या खांबाकडे चालला होता आणि गोलरक्षक स्टेफान फ्राय त्याच्या उलट बाजूला उभा होता. तो पावले मागे टाकत आला, पाठीमागे झेपावला आणि गोलरेषेवरून एका हाताने त्याने चेंडू बाहेर खेचला. पुढे पेनल्टींवर सिॲटल ५-४ जिंकले. गोल मोजणाऱ्याच्या वहीत त्या सामन्याची पाटी कोरीच आहे, पण सिॲटलचे प्रेक्षक तो बचाव एखाद्या गोलासारखा सांगतात. मात्र त्या दिवशी सिॲटल चांगले खेळले नाही, हेही तितकेच खरे आहे आणि ते लपवण्याची गरज नाही.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. १९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यातच झाला आणि तिन्ही वेळा निकाल १-० लागला. दोनदा आपण जिंकलो, मधला रोमचा सामना हरलो. तिन्ही सामन्यांत आपल्या गोलात शंकर लक्ष्मण उभे होते, जे मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्या पलटणीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. १९६४ ला टोकियोत मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि उरलेला सर्व वेळ लक्ष्मण यांनी तो राखला. त्या सुवर्णविजेत्या संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. तीन ऑलिंपिकचे तीन अंतिम सामने मिळून तीन गोल, आणि आपल्या वडिलांच्या पिढीने ते आयुष्यभर सांगितले. कोलंबसचे लोक 'दोन-शून्य' म्हणून ओरडतात ते मला म्हणूनच अगदी ओळखीचे वाटते.

सुरुवातीसाठी माझी सूचना अशी. फुटबॉल पाहताना पहिली वीस मिनिटे नजर चेंडूवरून काढून एकाच बचावपटूवर ठेवा. त्याच्या बाजूने चेंडू नसताना तो कोठे उभा राहतो, कोणाला हाताने खूण करतो, केव्हा दोन पावले मागे सरतो, एवढेच पाहा. मग दुसऱ्या बाजूचा आघाडीपटू घ्या. मध्यंतरापर्यंत सामना कोणत्या बगलेने फुटणार, याचा अंदाज तुम्हाला स्वतःला बांधता येऊ लागेल. बर्फावरच्या हॉकीत कॅम्पवाल्यांनी सांगितलेल्या दोन मिनिटांपासून सुरुवात करा. आणि निपाणीकरांनी लिहिलेला २०१० चा सामना मिळाला तर डोनोवनच्या गोलाची तेवढी तुकड्याची चित्रफीत न पाहता सहाव्या मिनिटाच्या त्या आडव्या खांबापासून पूर्ण पाहा. पाहून झाल्यावर अल्जीरियाचा बचाव कोणत्या मिनिटापासून सैल पडत गेला असे तुम्हाला वाटले, ते येथे जरूर लिहा. माझे मत मी त्यानंतर सांगेन.